पार्श्वभूमी : क्राइस्टचर्चचे कॅथेड्रल आणि त्याची मंडळी

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बनला भूकंपाने गाठले, तेव्हा चर्चे भरलेली होती. त्यानंतर युरोपात जो वाद पेटला तो मुख्यतः ईश्वराच्या न्यायाविषयीचा होता. वाचलेल्यांनी पुढच्या रविवारी कोठे जमावे, हा तुलनेने साधा वाटणारा प्रश्न न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चने ऐरणीवर आणला.

२२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तेथे १८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८८१ पासून शहराची खूण असलेल्या अँग्लिकन कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मनोरा कोसळला. मनोऱ्याखाली वीसेक जण दबल्याची भीती होती. प्रत्यक्षात एकही मृतदेह सापडला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देशात अन्यत्र धर्माशी नाते सांगणारे कमी होत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांत त्यांचे प्रमाण वाढले. नव्याने श्रद्धेकडे वळलेल्यांना प्रकृती सुधारल्यासारखे वाटले नाही. श्रद्धा गमावलेल्या भूकंपग्रस्तांना मात्र ती खालावल्याचे जाणवले.

यापुढची सगळी गुंतागुंत एका शब्दाभोवती आहे. मराठी ख्रिस्ती व्यवहारात ‘चर्च’ म्हणजे बहुधा वास्तू आणि ‘मंडळी’ म्हणजे तिथे जमणारी माणसे. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द पुरतो. मार्च २०१२ मध्ये धर्मप्रांताने (बिशपच्या अखत्यारीतील चर्चच्या विभागाने) कॅथेड्रलच्या भिंती दोन-तीन मीटर उंचीपर्यंत उतरवण्याचा निर्णय जाहीर केला, तो माणसांना प्राधान्य देऊन. वारसाप्रेमींनी न्यायालयात धाव घेतली, ती दगडांसाठी. (अर्थात त्या दगडांशीही अनेकांच्या आठवणी जोडलेल्या होत्या, हे नाकारता येत नाही.) त्या जागी कॅथेड्रल असलेच पाहिजे, परंतु ते जुन्याची हुबेहूब प्रतिकृती असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले, शिवाय विम्याची रक्कम हा विश्वस्त निधी त्याच जागेवरील कॅथेड्रलसाठी राखीव असून ती तात्पुरत्या प्रार्थनास्थळावर खर्च करता येणार नाही, असाही निर्वाळा दिला. म्हणजे बेघर झालेल्या मंडळीला छप्पर देण्यासाठी तिच्याच वास्तूच्या विम्याचा पैसा वापरण्याची मुभा नव्हती. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेलही, पण विश्वस्त निधीचा हेतू इतका काटेकोर वाचला की त्यात दगड उरतात आणि माणसे निसटतात.

तरीही ऑगस्ट २०१३ मध्ये एका जपानी वास्तुशिल्पकाराने पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकूड, पोलाद आणि मालवाहू कंटेनर वापरून उभारलेले, सुमारे ७०० जणांना सामावणारे तात्पुरते कॅथेड्रल खुले झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये धर्मप्रांताच्या सभेने मतदानाने मूळ वास्तू पुन्हा उभारण्याच्या बाजूने कौल दिला आणि आधीचा निर्णय फिरला. पुढे खर्चाचा अंदाज वाढत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये निधीअभावी काम थांबवण्यात आले, तेव्हा तात्पुरत्या कॅथेड्रलला अकरा वर्षे झाली होती आणि मंडळी रविवारी तिथेच जमत होती.