जपानी शिकताना आधी कान, मग तोंड

जपानीच्या पहिल्या तासाला फळ्यावर काहीही लिहू नये. दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवायचं, ‘तात्ते’ म्हणत आपण उठायचं, त्यांनाही उठवायचं. ‘सुवात्ते’ म्हणत बसायचं. ‘आरुइते’ म्हणजे चाल, ‘तोमात्ते’ म्हणजे थांब. विद्यार्थ्यांनी बोलायचं नाही, फक्त करायचं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांतली एक भाषा जपानीच होती. आज्ञा ऐकून स्वतः हालचाल करणाऱ्यांच्या ती नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

नवे शब्द एका वेळी तीनच घ्यावेत. आधी बोलता बोलता कृती करावी, मग बोलून दोन सेकंद थांबून करावी, शेवटी हाताची घडी घालून नुसतं बोलावं. खरी परीक्षा इथे असते, आणि घोटाळेही इथेच होतात. ऊठ, चाल, थांब, बस हाच क्रम रोज ठेवला तर मुलं क्रम पाठ करतात, शब्द नाही. ‘मादो’ म्हणताना शिक्षकाची नजर खिडकीकडे गेली की कानाला काही कामच उरत नाही. मागचे पुढच्यांचं बघून उठतात. म्हणून एकेकाला वेगळी आज्ञा द्यावी.

‘सावात्ते’, म्हणजे हात लाव, हा शब्द ‘सुवात्ते’ पक्का झाल्यावरच आणावा. मग ‘इसु नि सुवात्ते’ आणि ‘इसु नि सावात्ते’ आलटून पालटून म्हणावं: खुर्चीवर बस, खुर्चीला हात लाव. चुकीचं ऐकलं तर विद्यार्थी बसतो, आणि चूक लगेच दिसते. ‘चुकलं’ म्हणू नये; दोन्ही आज्ञा सावकाश पुन्हा करून दाखवाव्यात. आपल्या ‘वर’ आणि ‘ला’सारखा ‘नि’ही नामामागे येतो, त्यामुळे मराठी कानाला ही रचना परकी वाटत नाही.

‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (काप) यांतला फरकही ‘पिता’ आणि ‘पित्ता’ वेगळं ऐकणाऱ्याला सोपा जातो. अडतं ते ‘ओजिसान’ (काका) आणि ‘ओजीसान’ (आजोबा) यांच्यापाशी. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, पण बोलताना फारसं पाळत नाही. दोन चित्रं भिंतीवर लावून, नाव ऐकून बोट दाखवायला सांगावं, आणि ‘जी’वर पूर्ण दोन मात्रा द्याव्यात.

‘तात्ते’, ‘आरुइते’ आणि ‘योन्दे’ (वाच) या रूपांचे नियम व्याकरणात किचकट वाटतात. ती कानात आधीच मुरलेली असली की नियम सांगायला थोडाच वेळ लागतो. विद्यार्थी आपणहून बोलू लागले की त्यांनी शिक्षकाला आज्ञा द्यायच्या, मात्र शेवटी ‘कुदासाइ’ (कृपया) जोडून.