बाणाचा पुंख: जेमतेम ग्रॅमभर प्लास्टिक आणि त्याची निगा

मैदानावरून आलं की जेवायच्या आधी आमच्या घरी एक काम ठरलेलं आहे. लेक भात्यातले बारा बाण काढते, वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीने मांडते आणि आम्ही दोघं एकेक बाण उचलून उजेडात धरतो. आधी बघायची ती बाणाची शेपूट. गेल्या शनिवारी सात नंबरच्या बाणाच्या नॉकवर, एका कानाच्या अगदी मुळाशी, केसाएवढी पांढरी रेघ होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसेना. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा चमकली. "अजून चालेल की बाबा, आज तर दहालाच लागला हा," लेक म्हणाली. तो नॉक तिथल्या तिथे काढून टाकला. का टाकला, हे तिला जसं समजावलं तसंच इथे लिहितो आहे.

नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जी धनुष्याच्या दोरीत अडकते. खाचेच्या दोन बाजूंची टोकं म्हणजे तिचे कान. संस्कृतात बाणाच्या पिसांकडच्या या टोकाला पुंख म्हणतात. एखाद्या विषयाचा आपण 'पुंखानुपुंख' विचार करतो, तो शब्द इथूनच आला: एका बाणाच्या पुंखापाठोपाठ दुसऱ्याचा पुंख, मध्ये खंड नाही. तिरंदाजीच्या मैदानावर ही कल्पना रोज खरी होताना दिसते. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याच्या स्पर्धेत 50 मीटरवरून नेम धरायचा असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 8 सेंटिमीटरचं. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी 150 पैकी 149 गुण घेऊन विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने 150 पैकी 150 घेतले. इतक्या जवळजवळ बाण लागू लागले की मागून येणारा बाण आधीच्या बाणाच्या शेपटीवर आदळणारच. म्हणजे पोराची नेमबाजी सुधारली की नॉक फुटायला लागतात. पालकांनी याचा त्रास करून घेऊ नये, उलट पेढे वाटावेत.

आता या खाचेवर किती भार येतो ते पाहू. कंपाउंडचा बाण साधारण 22 ग्रॅमचा धरा आणि तो सेकंदाला 85 मीटर वेगाने सुटतो असं धरा. हा सगळा वेग त्याला दोरीच्या अर्ध्या मीटरच्या प्रवासात मिळवायचा असतो. शाळेतलं गतीचं समीकरण मांडलं तर त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला सुमारे 7,200 मीटर, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या सातशे पटींहून जास्त. त्या क्षणी 22 ग्रॅमच्या बाणाला मागून जवळपास 16 किलो वजनाइतका जोर लागतो, आणि हे सगळं उरकायला लागतात 12 मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हा सगळा जोर दोरीकडून बाणाकडे जातो तो फक्त खाचेच्या तळातून. मध्ये दुसरा कुठलाही आधार नाही.

खाचेच्या तळावर दाबणारी दोरी पाचरीसारखं काम करते. लाकूड फोडताना आपण पाचर कुठे मारतो? रेषांच्या दिशेने. बाणाची खाचही नेमकी त्याच दिशेने कापलेली असते, त्यामुळे नुसत्या लाकडाच्या बाणात दोरी हळूहळू दांडाच चिरत जाते. जुन्या कारागिरांनी यावर काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. इंग्लंडच्या राजाचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 साली समुद्रतळातून वर काढलं गेलं. त्यात हजारो बाण सापडले. त्यांच्या शेपटीत दोरीच्या खाचेला काटकोनात आणखी एक चीर पाडून तीत शिंगाची पातळ पट्टी बसवलेली होती. दोरी दाबणार शिंगावर, लाकूड वाचणार. बांबूचे बाण करणारे खाच पेराच्या लगत कापतात, कारण पेरापाशी बांबूचे उभे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि चीर तिथे अडते. वरून दोऱ्याचे घट्ट वेढे. आपल्याकडे इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारातली मुलं अजूनही बांबूच्या धनुष्यावरच सुरुवात करतात. अशा मुलांच्या पालकांनी तो वेढा सैल झाला आहे का, हे रोज बोटाने चाचपावं.

आजचा नॉक बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा असतो. वजन एखाद्या ग्रॅमच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. हे प्लास्टिक चिवट आहे, पण त्याला एक खोड आहे. वारंवार ताण आला की ज्या कोपऱ्यात ताण एकवटतो तिथे बारीक भेगा पडतात, आणि नॉकच्या दोन्ही कानांचं मूळ हा नेमका तसा कोपरा. सात नंबरवर दिसलेली पांढरी रेघ म्हणजे तीच भेग. एकदा भेग पडली की पुढचा ताण तिच्या टोकावर एकवटतो, ती वाढते, आणि एखाद्या खेपेला कान उडतो. कान उडाला की बाण दोरीवरून घसरतो. धनुष्यात साठवलेली 80 ज्यूलच्या आसपासची ऊर्जा, म्हणजे एक किलोचं वजन आठ मीटर उंचीवरून पडावं तेवढी, बाणाबरोबर निघून जाण्याऐवजी धनुष्यातच अडकते. याला ड्राय फायर म्हणतात. यात दोरी तुटते, धनुष्याची पाती चिरतात, कंपाउंडची चाकं वाकतात. रिकामं धनुष्य गमतीनेसुद्धा ओढून सोडू नये, असं प्रशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात, त्याचं कारण हेच.

याच प्लास्टिकची दुसरी खोड घरात जास्त महागात पडते. ॲसिटोन लागलं की पॉलिकार्बोनेट तडकतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पुष्कळदा ॲसिटोन असतं आणि थिनरही तितकाच घातक. नॉकवरची धूळ-माती पुसायला ओलं फडकं आणि साबणाचं पाणी पुरतं. भाताही उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि व्हेनचा, म्हणजे बाणाच्या शेपटीवरच्या पिसांचा, गोंदही सुटतो.

नॉक बदलणं तसं अवघड नाही. बहुतेक कार्बन बाणांत नॉक शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या नळीसारख्या दांड्याच्या, पोकळीत दाबून बसवलेला असतो, गोंद नसतो. स्पर्धेच्या बारीक बाणांत शाफ्टमध्ये ॲल्युमिनियमची पिन असते आणि नॉक त्या पिनवर बसतो. मागून बाण आदळला तर नॉक फुटतो, पिन मार झेलते आणि महागडा शाफ्ट बहुधा वाचतो. काढताना नॉकच्या पक्कडीने किंवा बोटांनी थोडं फिरवत सरळ मागे ओढायचं. साध्या पक्कडीने शाफ्ट पकडू नका. कार्बनचे तंतू लांबीच्या दिशेने फार मजबूत असतात, पण बाजूने चिमटले तर नळी आतल्या आत चिरते आणि वरून काही कळत नाही. नवा नॉक घालण्याआधी शाफ्टची कड नखाने चाचपा. चीर असेल तर तो बाण बाद. नॉक सैल बसत असेल तर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा बोटभर तुकडा त्याच्या देठावर ठेवून दाबून बसवायचा आणि बाहेर आलेला भाग ब्लेडने कापायचा. गोंद ओतू नका, पुढच्या वेळी काढताना शाफ्ट फुटेल. शेवटी नॉक फिरवून व्हेनशी जुळवून घ्यायचा, म्हणजे सुटताना व्हेन धनुष्याला घासणार नाहीत.

बसवलेला नॉक दोरीला किती घट्ट धरतो, हे बघण्याची मैदानावरची एक जुनी रीत आहे आणि मला ती फार आवडते. दोरी जमिनीला समांतर येईल असं धनुष्य धरा आणि बाण दोरीत अडकवून टोक खाली ठेवून लटकता सोडा. आता दोरीवर, बाणापासून दोन-तीन बोटं लांब, हलकेच टिचकी मारा. बाण सुटून पडला तर बरोबर. टिचकीआधीच पडला तर सैल आहे आणि दोरी ओढताना निसटू शकतो. तीन-चार टिचक्या मारूनही लोंबकळत राहिला तर घट्ट आहे. असा नॉक सुटताना दोरीला क्षणभर चिकटतो आणि बाणाच्या शेपटीला हिसका देतो. दर खेपेला हिसका वेगळा, म्हणून लक्ष्यावर बाण विखुरतात आणि मूल स्वतःच्या हाताला दोष देत बसतं. लक्षात ठेवायचं ते हे, की दोरीवर नॉक बसतो त्या जागी गुंडाळलेला दोरा, म्हणजे सर्व्हिंग, झिजतो आणि त्याची जाडी कमी होते. कालचा ठीक नॉक आज सैल वाटला तर आधी तो दोरा बघा. शिवाय बाराही बाणांना एकाच कंपनीचे, एकाच मापाचे नॉक हवेत. शेपटीतलं अर्ध्या ग्रॅमचं अंतरही तोल मागे सरकवतं आणि 50 मीटरवर ते दिसतं.

क्रॉसबोच्या, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याच्या, बाणांना हेच शास्त्र लागू आहे, फक्त आकडे चढे. क्रॉसबो मुख्यतः अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी वापरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पण अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या कुणाच्या गॅरेजमध्ये तो असू शकतो, म्हणून हे लिहितो. 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 120 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि दोरीचा प्रवास जेमतेम 35 सेंटिमीटरचा असतो. वरचंच समीकरण वापरलं तर नॉकवर सरासरी 50 किलोहून जास्त वजनाइतका जोर येतो. साध्या धनुष्यात नॉक दोरीला चिमटीसारखा धरून असतो, पण पुष्कळ क्रॉसबोंत दोरी बाणाच्या मागच्या टोकाला नुसती टेकलेली असते. म्हणून या नॉकचे आकार वेगवेगळे असतात: कुणाचा सपाट, कुणाचा अर्धचंद्राकृती, कुणाला अनेक खाचा. क्रॉसबोच्या कंपनीने जो आकार सांगितला आहे तोच घाला. चुकीच्या आकारावरून दोरी वर किंवा खाली घसरली तर ड्राय फायरच होणार, तोही दुपटीहून जास्त ऊर्जेचा. अर्धचंद्राची खाच दोरीला समांतर हवी. वेगळ्या रंगाची व्हेन रुळावरच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीवरच्या, खोबणीत खाली बसलेली असताना खाच आडवी आली पाहिजे. नॉक बदलताना किंचित वाकडा बसला तरी हे जुळत नाही, म्हणून बाण रुळावर ठेवून एकदा डोळ्यांनी तपासावं. मात्र तेव्हा दोरी चढवलेली नसावी.

शेवटी शाफ्ट. दोन्ही टोकं धरून बाण हलकेच वाकवा, मग थोडा फिरवून पुन्हा वाकवा, असं चारी बाजूंनी. कान जवळ ठेवा. करकर आवाज आला तर तो बाण मोडून फेका, म्हणजे कुणी चुकून उचलणार नाही. मग कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवा. एखादा तंतू सुटला असेल तर कापूस अडकतो. सुटताना पुढचं जड टोक जागेवर राहू पाहतं आणि मागून नॉक ढकलतो, त्यामुळे शाफ्ट दोन्हीकडून दाबला जाऊन वाकतो. चिरलेला कार्बन अशा वेळी फुटतो आणि त्याच्या सुयांसारखी कुसळं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. हा तपास दर सरावानंतर करायचा, आणि बाण एखाद्या कठीण वस्तूवर आपटला तर तिथल्या तिथे, पुढचा बाण सोडायच्या आधी.

सात नंबरला नवा पिवळा नॉक बसला. लेकीने धनुष्य आडवं धरलं, बाण लटकवला आणि टिचकी मारली. तो पहिल्या टिचकीला पडला नाही, दुसरीला पडला. "जरा घट्ट आहे ना?" तिने विचारलं. डब्यातून दुसरा काढला. तो पहिल्याच टिचकीला वर्तमानपत्रावर पडला आणि ती आठ नंबरकडे वळली.