सीमाभाग आणि १५ वर्षांच्या वास्तव्याची अट : पार्श्वभूमी

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यास भारतात परवाना लागत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य करता येते. मात्र सरकारी नोकरी, व्यावसायिक शिक्षणातील प्रवेश आणि आरक्षण या तिन्ही ठिकाणी राज्ये अधिवासाचा दाखला मागतात. देशादेशांमधील स्थलांतराच्या कायद्यांनी कुटुंबांवर येतो तसाच ताण या दाखल्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील, कर्नाटकात असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी आणि बिदरकडील भालकी, औराद येथील मराठी घरांवर येतो. वास्तविक, ही घरे पिढ्यानपिढ्या आहेत तेथेच आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यातील चंदगड तालुका तेवढा मागे राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. बाजार, दवाखाने आणि सोयरिकी पूर्वीप्रमाणेच बेळगावशी जोडलेल्या राहिल्या. खेडे हा घटक धरून सीमा आखावी, ही मागणी १९५७ पासूनची आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या एकसदस्य आयोगाने पुढच्या वर्षी बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने नाकारली, आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राचा दावा आज ८६५ गावांवर आहे.

दैनंदिन जीवनावर सर्वाधिक परिणाम झाला तो या दाव्यातून निघालेल्या सवलतीचा. महाराष्ट्रात सरकारी भरतीसाठी सामान्यतः १५ वर्षांच्या अधिवासाचा दाखला लागतो. दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्रातील अधिवासाची ही अट लागू होत नाही. त्यांनी आपल्या गावातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा, तेथील सक्षम अधिकाऱ्याने विहित नमुन्यात दिलेला दाखला जोडायचा असतो. खरा पेच येथेच आहे. गाव वादग्रस्त आहे असे महाराष्ट्र मानतो. दाखल्यावर सही करणारा अधिकारी मात्र कर्नाटकाचा असतो, आणि सीमा १९५६ सालीच ठरली, तीत वाद उरलेला नाही, ही त्याच्या शासनाची जाहीर भूमिका आहे. म्हणजे एका शासनाने दिलेला हक्क दुसऱ्या शासनाच्या सहीवाचून वापरता येत नाही. सवलतीमागचा हेतू योग्यच होता, पण तिच्या अंमलबजावणीचा भार उमेदवाराच्या आईवडिलांवर टाकणे अन्यायकारक आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही सीमाभागातील विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी पात्रता परीक्षा वादग्रस्त भागातील संस्थेतून उत्तीर्ण असणे आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा देणे आवश्यक असते.

सासर-माहेर दोन राज्यांत असलेल्या स्त्रियांची अडचण याहून अवघड आहे, आणि तिची चर्चा फार थोडी होते. राज्याच्या आरक्षणाचा लाभ मूळ राज्याशी बांधलेला असतो. विवाहानंतर दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीला तेथील आरक्षण मिळत नाही. महाराष्ट्रातील गडहिंग्लजची आरक्षित प्रवर्गातील मुलगी निपाणीला सून म्हणून आली की अंतर काही कोसांचे असते, तरीही शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या जागेसाठी ती खुल्या प्रवर्गात मोजली जाते.

शाळांच्या बाबतीत १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने सूत्र घालून दिले होते : शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे. १९५६ मध्ये कलम ३५० अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी अशी सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपवले. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध बेळगावात आंदोलन झाले आणि त्यात माणसे दगावली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा मानला, तर कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. त्यामुळे सीमाभागातील मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकते, आणि कोणत्या भाषेला किती वेळ द्यायचा हे पालक पुढील नोकरी कोणत्या राज्यात मिळेल या अंदाजावर ठरवतात. अनेकांनी मराठी आणि कन्नड या दोन्हींऐवजी इंग्रजी माध्यम निवडले आहे, आणि पट घटला की मराठी शाळेला शिक्षक मिळणेही कठीण होते.

अलीकडच्या दोन घडामोडी याच अटीशी निगडित आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवताना अधिवास राज्याचा नसून देशाचा असतो, असे नमूद केले. तो निर्णय त्या प्रवेशापुरता आहे. सरकारी भरतीतील दाखला कायम आहे. त्यापूर्वी जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी व्यवस्थापकीय पदांत ५० टक्के आणि इतर पदांत ७० टक्के जागा राखण्याच्या विधेयकास मान्यता दिली होती. त्यातील स्थानिक उमेदवार राज्यात जन्मलेला, १५ वर्षे तेथे राहिलेला आणि कन्नड लिहिता-वाचता येणारा असावा. माध्यमिक प्रमाणपत्रात कन्नड विषय नसल्यास चाचणी द्यावी, अशी तरतूद होती. उद्योगांच्या विरोधानंतर ते लगेच स्थगित झाले. तसा कायदा झाल्यास बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत काम मागणारा चंदगडचा तरुण जन्मस्थानामुळेच स्थानिकांच्या व्याख्येबाहेर राहील, आणि त्याचा बेळगावात वाढलेला मामेभाऊ त्या व्याख्येत बसेल.