मोठ्या एसयूव्हीसाठी डिझेल की पेट्रोल? इंजिन किती वेळ गरम राहते, ते आधी पाहा

सात आसनांची मोठी एसयूव्ही घ्यायचे ठरले, की नाशिकच्या घरांमध्ये पहिला वाद डिझेल की पेट्रोल यावर होतो आणि बहुतेक वेळा कोणीतरी कसारा घाटाचा दाखला देऊन तो निकालात काढतो: ‘डिझेलमध्ये ताकदच जास्त असते.’ हे विधान पक्के रुजलेले असले तरी चुकीचे आहे. एक किलो डिझेल आणि एक किलो पेट्रोल जाळले, तर दोन्हींतून जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. डिझेलची घनता अधिक असल्यामुळे एका लिटरमध्ये त्याचे वजन जास्त भरते. म्हणून लिटरमागे डिझेलमध्ये सुमारे ३६, साध्या पेट्रोलमध्ये सुमारे ३२, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधारण ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यामुळे मायलेजच्या आकड्यांत डिझेलची जी आघाडी दिसते, तिचा मोठा भाग आपण इंधन लिटरने मोजतो एवढ्यावरूनच आलेला असतो. उरलेली आघाडी आणि घाटात जाणवणारी ओढ यांचे मूळ इंधन जाळण्याच्या पद्धतीत आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. हे मिश्रण फार दाबले, तर त्याचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो आणि इंजिनात ठोके पडल्यासारखा आवाज, म्हणजे नॉकिंग, सुरू होते. म्हणून पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, साधारण १० ते १२ च्या आसपास थांबवावे लागते. डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते, तीही मूळ आकारमानाच्या सोळाव्या हिश्शाइतकी. या दाबाने हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारले, की ते ठिणगीशिवाय पेट घेते. इंधन वेळेआधी आत नसतेच, त्यामुळे पेट्रोल इंजिनासारख्या नॉकिंगचे बंधन येथे लागू होत नाही. संपीडन जितके जास्त, तितका उष्णतेचा अधिक भाग कामात येतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवलेले इंजिन उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग कामात आणत होते आणि त्या काळातील वाफेची इंजिने याच्या जवळपासही नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती फवारणी. त्र्यंबक रस्त्यावरील मायको सर्कल ज्या कारखान्यामुळे ओळखले जाते, त्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलची इंजेक्टर आणि नोझल तयार होत आली आहेत. त्यामुळे हे तंत्र नाशिककरांच्या अगदी शेजारचे आहे. नोझलच्या टोकाला साधारण ०.१ मिलिमीटर व्यासाची काही छिद्रे असतात, आतील सुई आणि तिच्याभोवतीची पोकळी यांत काही मायक्रॉनांचीच फट असते आणि सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन पुरवणाऱ्या कॉमन रेल पद्धतीत या छिद्रांमागे २,००० बारपर्यंत दाब उभा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने, लिटरला १४ किलोमीटर धावणाऱ्या चार सिलिंडरच्या गाडीचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर गणित केल्यावर प्रत्येक स्फोटासाठी सुमारे ३० घन मिलिमीटर डिझेल लागते, असे दिसते. हे आकारमान मिरीच्या एका दाण्याएवढे आहे, आणि एवढेसे इंधनही एकाच वेळी सोडले जात नाही: आधी एक-दोन घन मिलिमीटरची पूर्वफवारणी होते, ती पेटून दाब हळूहळू चढू लागला की मुख्य फवारणी होते, आणि हे सर्व एक-दोन मिलिसेकंदांत उरकते. जुन्या डिझेल गाड्यांचा खडखडाट आज उरला नाही, त्याचे मोठे श्रेय या पूर्वफवारणीला आहे.

तरीही फवाऱ्याचा प्रत्येक थेंब हवेत सारखा मिसळत नाही. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि ऑक्सिजन कमी असल्यामुळे काजळी तयार होते. कडेला दोन्हींचे प्रमाण नेमके जुळते, तेथे तापमान २,००० अंशांच्या पुढे जाते आणि हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजनची ऑक्साइडे बनवतो. धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवून ज्योत थंड केली, तर ऑक्साइडे घटतात पण काजळी वाढते. ही ओढाताण एकट्या सिलिंडरमध्ये सुटत नाही, आणि म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून धुरातील प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी सच्छिद्र गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली.

खरेदीचा निर्णय माझ्या मते या गाळणीपाशी व्हायला हवा. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिन थोडे जास्तीचे डिझेल उशिरा फवारते आणि ही क्रिया पूर्ण व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटांची मोकळी धाव लागते. गंगापूर रोडवरून मुलांना शाळेत सोडून परत येणे, संध्याकाळी कॉलेज रोडच्या गर्दीत दोन-तीन किलोमीटर जाणे, एवढाच जिचा वापर आहे, त्या गाडीत ही क्रिया वारंवार अर्धवट तुटते. उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो आणि ऑइल पातळ होते. अशा वापरासाठी पेट्रोलच घ्यावे. मंद गतीत पेट्रोल इंजिनाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढण्यात शक्ती वाया घालवावी लागते आणि जड गाडीचे शहरातील मायलेज त्यामुळे मन खट्टू करण्याइतके खाली येते, हे खरे आहे. पण महिन्याला थोडेच किलोमीटर होत असतील, तर तो खर्च मर्यादित राहतो.

उलट, पिंपळगाव, निफाड, लासलगाव असा रोजचा फेरा असलेल्या किंवा दर आठवड्याला कुटुंबासह मुंबई-पुणे गाठणाऱ्या माणसाला डिझेलच परवडते. घाटाचा हिशेब मांडून पाहू. माणसे आणि सामानासह २,६०० किलोची गाडी वीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी ६० किलोमीटरने न्यायची, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सुमारे २१ किलोवॅट, म्हणजे साधारण २८ अश्वशक्ती लागते. आजची कोणतीही मोठी एसयूव्ही एवढी शक्ती सहज देते. फरक पडतो तो इंजिन मिनिटाला किती फेरे घेताना ती देते यात. टोयोटा फॉर्च्युनरचे २.७ लिटरचे बिनटर्बोचे, म्हणजे जादा हवा दाबून भरणारा पंखा नसलेले, पेट्रोल इंजिन कमाल २४५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, तर २.८ लिटरचे टर्बो डिझेल ऑटोमॅटिकसह ५०० देते. त्यामुळे पहिल्याला खालचा गिअर टाकून इंजिन ओरडवावे लागते. मात्र टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनांनी ही दरी पुष्कळ भरून काढली आहे: महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २ लिटरचे पेट्रोल इंजिन ३८० न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचते आणि ऑटोमॅटिक डिझेल ४५० पर्यंत. निव्वळ घाटाच्या भीतीने डिझेल घेण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

इंधनाच्या नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढवण्याचा दावा करणारी उपकरणे आजही विकली जातात. पेट्रोल आणि डिझेलचे रेणू चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत आणि त्यांच्या ज्वलनावर अशा चुंबकाचा काहीही परिणाम होत नाही; ते पैसे एअर फिल्टर वेळेवर बदलण्यात घालवावेत. डीपीएफ काढून टाकून ‘गाडी मोकळी’ करून देण्याचा सल्ला तर त्याहून वाईट आहे, कारण तो बेकायदेशीर आहे आणि त्यातून सुटणारी काजळी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसात जाते.

बीएस-६ डिझेल गाडी जुनी घेत असाल, तर इंजिन थंड असताना ऑइलची कांडी स्वतः ओढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी छोट्या फेऱ्यांवर चाललेली असण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी स्कॅनर लावून डीपीएफमधील काजळीचे प्रमाण वाचून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.