अंथरूण ओलं होणं: घंटी, गोळी आणि एका शब्दाचा घोळ

झोपेत शू होण्यावरचे उपाय फार जुने आहेत, इसवीसनापूर्वी १५५० च्या आसपासच्या इजिप्तच्या एका पपायरसमध्येही मुलांसाठी औषध दिलंय. पण कामाचा इतिहास सुरू होतो १९०४ पासून. युरोपातल्या एका बालरोगतज्ज्ञाने वॉर्डात घंटी बसवली, ती फक्त कोणाचं अंथरूण ओलं झालंय हे नर्सला कळावं म्हणून, आणि झालं असं की त्या घंटीनेच काही पोरं कोरडी राहायला लागली! १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञ जोडप्याने त्याचीच ट्रीटमेंट केली. अंथरूण ओलं होताच वाजून मुलाला उठवणारा आजचा अलार्म तो हाच.

१९६० पासून डिप्रेशनची गोळी इमिप्रामिन यासाठी वापरात आली, पण डोस जास्त झाला तर हृदयावर येतं. मग डेस्मोप्रेसिन, ज्याने रात्री लघवीच कमी बनते. त्याचा नाकातला स्प्रे अमेरिकेत २००७ ला या कारणासाठी बंद केला, रक्तातलं सोडियम (मीठ) घसरून काही मुलांना झटके आले होते. गोळी अजून देतात, मात्र रात्रीचं पाणी मोजून.

खरा घोळ शब्दाचा. एन्युरेसिस म्हणजे आधी दिवसाची शू आणि रात्रीची शू, सगळं एकाच टोपलीत. २००६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलं की वय ५ च्या पुढे झोपेत होते तेच एन्युरेसिस, दिवसाचं ते इनकॉन्टिनन्स. मानसोपचाराची पुस्तकं मात्र अजून दिवसालाही तोच शब्द लावतात, त्यामुळे दोन डॉक्टर एकाच मुलाबद्दल वेगवेगळं बोलतात आणि आईबाप गोंधळतात. मला विचाराल तर ही वाटणी गोळीपेक्षा जास्त कामाची, कारण आता दिवसाबद्दल मुद्दाम विचारलं जातं, म्हणजे घाई होते का, थेंब गळतात का, शी कडक होते का. तसं असेल तर आधी बद्धकोष्ठ सोडवायचा, अलार्म नंतर.

‘सेकंडरी’ एन्युरेसिस या शब्दाचंही तसंच. सलग ६ महिने कोरडं राहून परत सुरू झालं तर तो शब्द लावतात, आणि लोक लगेच टेन्शनवर बोट ठेवतात. कधी असतंही ते, पण लघवीचं इन्फेक्शन किंवा नवा डायबेटिसही असू शकतो. बाकी कधीच कोरडं न राहिलेल्या मुलाच्या घरात आईला किंवा बाबांना लहानपणी हेच होतं असं बऱ्याचदा निघतं, फक्त ते कोणी बोललेलं नसतं.