५९४ साली तोडलेलं झाड, ६७० साली जळालेलं देऊळ

जपान फिरून आलेल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिथलं सगळं लाकडी, सतत नव्यानं बांधलेलं; खरं जुनं असं काही उरलेलंच नाही.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नवं उभारतात, शेवटचं २०१३ साली उभारलं. मात्र नारा शहराच्या नैर्ऋत्येला, इकारुगा गावात, होर्यू-जी हे बौद्ध मंदिर आहे, आणि तिथला पाच मजली पॅगोडा व शेजारचं मुख्य दालन या जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. मग वय ठरवायचं कसं? पाटीवर लिहिलंय म्हणून, की लाकूड स्वतः काही सांगतं म्हणून?

नाराच्या खोऱ्यात हा प्रश्न पावलोपावली पडतो. दक्षिणेकडच्या साकुराईत हाशिहाका नावाचं थडग्याचं टेकाड आहे : कुलपाच्या भोकासारखा आकार, लांबी सुमारे २८० मीटर, वर दाट झाडी. अशा टेकाडांना कोफुन म्हणतात. जवळच ओमिवा देवस्थान आहे. तिथं गाभाऱ्याची इमारतच नाही, कारण मागचा मिवा डोंगर हाच देव. आठव्या शतकातला ‘निहोन शोकी’ हा इतिहासग्रंथ सांगतो की हाशिहाका दिवसा माणसांनी आणि रात्री देवांनी बांधलं. कथा सुंदर आहे, जरूर ऐकावी. पण ती ऐकून ‘म्हणजे त्या काळी दैवी तंत्रज्ञान होतं’ असा निष्कर्ष काढणारे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीनं फिरतात, तेव्हा वाईट वाटतं. टोपलीनं माती वाहणाऱ्या हजारो हातांचं श्रेय त्यात फुकट जातं.

आता लाकडाकडे येऊ. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, हे शाळेत शिकलेलं असतं. तिथं एक गोष्ट सहसा सांगत नाहीत : वलयं मोजून झाडाचं वय कळतं, पण ते झाड कुठल्या साली तोडलं हे मोजणीतून कळत नाही. त्यासाठी रुंदी लागते. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद, आणि एका प्रदेशातल्या एका जातीच्या झाडांवर हा चढउतार बराचसा सारखा उमटतो. शंभरेक वर्षांचा असा चढउतार दुसऱ्या कुठल्या शतकात योगायोगानं जसाच्या तसा येणं फार कठीण.

पद्धत अशी. आज तोडलेल्या झाडापासून सुरुवात करायची. त्याचं शेवटचं वलय कुठल्या सालचं हे माहीतच असतं. त्याच्या आतल्या वलयांशी एखाद्या जुन्या घराच्या तुळईची बाहेरची वलयं जुळवायची, तुळईच्या आतल्या वलयांशी त्याहून जुन्या देवळाचा खांब. कौलांच्या ओळीत प्रत्येक कौल खालच्यावर थोडं चढतं, तसं हे मागं मागं जातं. नारा इथल्या सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेत ताकुमी मित्सुतानी यांनी हिनोकी या सायप्रस कुळातल्या झाडाची साखळी अशी इसवी सनापूर्वी ९१२ पर्यंत नेली.

जुळवताना मूळ रुंदी वापरून चालत नाही. तरुण झाडाची वलयं जाड आणि म्हाताऱ्याची बारीक असतात; हा वयाचा उतार आधी काढून टाकावा लागतो. मग प्रत्येक वलय आसपासच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त आहे एवढंच उरतं, आणि नमुना साखळीवर एकेक वर्ष सरकवत प्रत्येक जागी सहसंबंध, म्हणजे दोन्हींचे चढउतार किती जुळतात ते, मोजतात. योग्य जागी तो आकडा एकदम उसळतो. शेवटची अडचण झाडाच्या सालीची. सुतारानं खांब तासताना बाहेरचं फिकट लाकूड काढून टाकलं असेल, तर किती वलयं गेली ते सांगता येत नाही. झाड ‘अमुक सालानंतर’ तोडलं, एवढंच म्हणता येतं. साल किंवा तिच्या लगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तरच नेमकं वर्ष मिळतं.

होर्यू-जीच्या पॅगोड्याच्या मधल्या खांबाचा एक काप १९४०च्या दशकातल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवलेला होता. क्ष-किरणांनी त्यात थेट सालीपर्यंतची वलयं दिसली आणि २००१ साली उत्तर जाहीर झालं : झाड ५९४ साली तोडलं.

इथं गंमत सुरू होते. ‘निहोन शोकी’ म्हणतो की ६७० साली हे मंदिर संपूर्ण जळालं. १९३९ साली शेजारच्या उत्खननात आधीच्या मंदिराचे अवशेषही निघाले, म्हणजे आजच्या इमारती नंतरच्या. मुख्य दालनाच्या छतातल्या फळ्या ६६०च्या दशकाच्या अखेरीस तोडलेल्या झाडांच्या निघाल्या, त्या या हिशेबात बसतात. मग खांब एवढा जुना कसा? कुठल्यातरी जुन्या इमारतीचा काढून आणला? वर्षानुवर्षं राखून ठेवला? साखळीच्या इतक्या जुन्या टोकाकडच्या तारखांवर जपानमध्येच काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. मला दुसऱ्याच इमारतीतून आणलेला खांब जास्त पटतो. एवढं मोठं हिनोकीचं खोड कुणी सहजासहजी टाकून देणार नाही. वलय झाड तोडल्याची तारीख सांगतं. देऊळ उभं राहिल्याची तारीख त्याला ठाऊक नसते.

हाशिहाकातून असं लाकूड हाती आलेलं नाही, म्हणून तिथं कार्बन-१४, म्हणजे एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत. २००९ साली जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या गटानं तिथल्या मडक्यांना चिकटलेल्या काजळीवरून हे टेकाड २४० ते २६० या काळातलं ठरवलं. हिमिको ही चिनी बखरीत उल्लेख असलेली जपानमधली राणी २४८च्या सुमारास वारली, त्यामुळे ‘हिमिकोची कबर सापडली’ अशी हवा झाली. हे घाईचं होतं. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कायम एकसारखं नसतं, म्हणून मोजलेला आकडा वलयांवरून बनवलेल्या वक्रावर ठेवून साल काढावं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या शतकात तो वक्र असा हेलकावतो की एकच आकडा दोन-तीन ठिकाणी बसतो. शिवाय काजळीचं वय म्हणजे राणीचं नाव नव्हे.

सम्राटांच्या घराण्याची कबर म्हणून राजघराण्याचं खातं हाशिहाका उकरू देत नाही. २०१३ साली अभ्यासकांना आत पाऊल ठेवू दिलं ते फक्त पाहण्यापुरतं. तिथल्या श्रद्धेचा मान राखायलाच हवा, पण मला वाटतं, एक छोटा नमुना घेऊ द्यावा. त्या काळच्या मोठ्या कोफुनांत कोयामाकी झाडाचं खोड पोखरून शवपेटी करत, आणि त्या झाडाच्या वलयांचीही साखळी तयार झालेली आहे. पेटीचा सालीपर्यंतचा तुकडा आत टिकला असेल, तर हाशिहाकाच्या वादात वर्षांचा पल्ला नव्हे, एकच साल हाती येईल.