परकीय रसायनांची सफाई : मोजमापाच्या वादाची पार्श्वभूमी

जीवसृष्टीला अनोळखी असलेली रसायने शोधणे, त्यांचे विष उतरवणे आणि माती-पाण्यातून ती काढून टाकणे ही तिन्ही कामे आज एकाच संशोधनक्षेत्रात मोडत असली, तरी त्यांचा उगम एक नाही. सफाई खरोखर झाली हे कशावरून मोजायचे, या वादाची मुळेही तिथेच आहेत. सर्वांत जुना धागा वैद्यकाकडून आलेला आहे. बेंझॉइक आम्ल पोटात गेले की ते मूत्रावाटे हिप्युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडते, हे १८४०च्या दशकातच लक्षात आले होते. त्यानंतरचे शतक अशा सुट्या निरीक्षणांतच गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर या माहितीची नीट मांडणी झाली. आधी रेणूवर एखादा क्रियाशील गट निर्माण करणे आणि मग त्याला शरीरातलाच एखादा पाण्यात विरघळणारा रेणू जोडणे, अशी दोन टप्प्यांची चौकट १९५०च्या दशकाअखेर रूढ झाली. त्याच सुमारास यकृतातील एका रंगद्रव्याचा शोध लागला, आणि ४५० नॅनोमीटरवर प्रकाश शोषणारे हे रंगद्रव्य म्हणजेच पहिल्या टप्प्यातले मुख्य एन्झाइम असल्याचे पुढे सिद्ध झाले.

या चौकटीला पहिला तडा आतूनच गेला. धुरात आणि डांबरात आढळणारे बेंझोपायरीन मुळात फारसे क्रियाशील नसते; त्याचे डीएनएला चिकटणाऱ्या घातक रूपात रूपांतर करतात ती यकृतातील हीच एन्झाइमे. म्हणून १९७०च्या दशकात जिवाणूंवर घेतल्या जाणाऱ्या उत्परिवर्तन चाचणीत उंदरांच्या यकृताचा अर्क मिसळण्याची पद्धत आली. मूळ पदार्थ नाहीसा झाला एवढ्यावरून धोका टळला असे म्हणता येत नाही, ही गोष्ट विषशास्त्राने तेव्हाच मान्य केली होती. सफाईच्या क्षेत्राला ती मान्य करायला बरीच वर्षे लागली.

रसायने शोधण्याची बाजू एका उपकरणाने बदलली. १९५७ मध्ये तयार झालेल्या इलेक्ट्रॉन-ग्राही शोधकामुळे क्लोरिनयुक्त संयुगे अब्जांश भागांत, कधी त्याहूनही कमी प्रमाणात, मोजता येऊ लागली. स्वीडनमधील एक रसायनज्ञ प्राण्यांच्या ऊतींत डीडीटी मोजत असताना आलेखावर काही अनोळखी शिखरे वारंवार दिसू लागली. डीडीटीचा वापर सर्वत्र पसरण्यापूर्वीच्या जतन केलेल्या नमुन्यांतही ती आढळल्याने त्यांचा उगम कीटकनाशकांत नाही हे स्पष्ट झाले, आणि १९६६ मध्ये ती पीसीबीची असल्याचे जाहीर झाले. १९२९ पासून विद्युत उपकरणांसाठी बनवले जाणारे हे तेलकट पदार्थ समुद्री गरुडाच्या शरीरात सापडेपर्यंत ते पर्यावरणात आहेत की नाहीत हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलेलाच नव्हता.

जिवाणू सर्व काही पचवतात हा विश्वासही याच काळात डळमळला. फांद्या असलेल्या साखळीचे कृत्रिम डिटर्जंट सांडपाणी केंद्रांतून जवळपास तसेच बाहेर पडत आणि नद्यांवर फेसाचे थर साचत. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात उत्पादकांनी सरळ साखळीचे रेणू वापरायला सुरुवात केल्यावर फेस ओसरला. हा विजय सूक्ष्मजीवशास्त्राचा कमी आणि रेणूची रचना बदलण्याचा जास्त होता, आणि या क्षेत्राच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

१९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियात वाहिनीतून गळलेले पेट्रोल भूजलातच जिरवण्यासाठी पोषकद्रव्ये आणि हवा जमिनीत सोडण्यात आली; जागेवरच्या जैवउपचाराचे हे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. तेल पचवण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवाणूला पेटंट मिळू शकते, असा निर्णय अमेरिकेतील सर्वोच्च पातळीवर १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी झाला. त्याची चर्चा भरपूर झाली, पण तो जिवाणू खुल्या समुद्रावर कधी वापरला गेला नाही.

खरी कसोटी लागली ती अलास्कात. २४ मार्च १९८९ रोजी प्रिन्स विल्यम साउंडमध्ये एक तेलवाहू जहाज खडकावर आदळून सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले आणि दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा माखला. गरम पाण्याचा जोरदार मारा करून दगड धुण्याची पद्धत प्रथम अवलंबली गेली. तिने तेल निघत होते, पण त्याबरोबर दगडांवर टिकून राहिलेली जीवसृष्टीही शिजून निघत होती. या पार्श्वभूमीवर किनाऱ्यावर खत घालण्याचा प्रस्ताव पुढे आला. तेल खाणारे जिवाणू तिथे मुळातच होते, कार्बन तर भरपूर होता. कमतरता होती ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. बाहेरून जिवाणू आणून टाकण्याची विक्रेत्यांची उत्पादनेही तपासली गेली, पण केवळ खत घालण्यापेक्षा त्यांचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही.

वाद झाला तो निर्णयाच्या वेळेवर आणि पुराव्यावर. चाचणीच्या पट्ट्यांवर तेलात मिसळणारे द्रवरूप खत फवारल्यावर साधारण दोन आठवड्यांत तेवढाच आयताकार भाग स्वच्छ दिसू लागला, हेलिकॉप्टरमधूनही तो ओळखू येत होता, आणि चाचण्यांचे विश्लेषण अपुरे असतानाच ऑगस्ट १९८९ मध्ये मोठ्या प्रमाणावर फवारणी सुरू झाली. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. या खतात ओलेइक आम्ल होते, ते साबणासारखे काम करून तेल फक्त सुटे करत असेल आणि भरती ते वाहून नेत असेल, तर डोळ्यांना दिसलेली स्वच्छता म्हणजे विघटन नव्हे. शिवाय त्यातील ब्यूटॉक्सिइथेनॉल या द्रावकाचा तांबड्या रक्तपेशींवर होणारा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांतून माहीत होता, त्यामुळे कामगारांच्या आणि वन्यजीवांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही होता.

उत्तर देण्याची साधने तेव्हा अपुरी होती. गोट्यांच्या किनाऱ्यावर तेल इतके विषम पसरलेले असते की हातभर अंतरावरचे दोन नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून एकूण तेल वजनात किती घटले हे पाहून काही ठरवता येत नव्हते. जिवाणूंना आवडणाऱ्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनची प्रिस्टेन आणि फायटेन या फांद्यांच्या, सहजी न पचणाऱ्या मानलेल्या हायड्रोकार्बनशी तुलना करण्याची प्रचलित रीत वापरली गेली, पण हे दोन्हीही किनाऱ्यावर पचत असल्याचे दिसल्यावर ती मोजपट्टीच आक्रसणारी ठरली. अखेर होपेन हा तेलातलाच जवळजवळ न पचणारा रेणू आधार म्हणून निवडण्यात आला. तेल नुसते वाहून गेले तर होपेनही त्याच प्रमाणात जातो. तेल पचले तर होपेन मागे राहतो आणि उरलेल्या तेलातला त्याचा वाटा वाढतो. या हिशेबाने १९९४ पर्यंत असे दाखवता आले की विघटन खरोखर झाले होते आणि गोट्यांमधल्या पाण्यात नायट्रोजन जिथे पोहोचला तिथे त्याचा वेग काही पटींनी वाढला होता. गरम पाण्याच्या तुलनेत खताचा निर्णय समर्थनीयच होता, पण तो घेतला गेला तेव्हा त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अस्तित्वात नव्हता, हे त्याच्या यशाच्या वर्णनांत सहसा येत नाही. त्याचप्रमाणे २००१ मधील पाहणीत पृष्ठभागाखाली अडकलेले तेल अजून शिल्लक आढळले. तिथे पाणी फारसे खेळत नव्हते, ऑक्सिजन पोहोचत नव्हता, आणि वरून घातलेल्या खताचा त्याला उपयोग नव्हता.

क्लोरिनयुक्त द्रावकांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गंभीर झाला. ट्रायक्लोरोइथिलीन भूजलात क्लोरिनचे अणू एकेक गमावत जाते, पण अनेक ठिकाणी ही साखळी व्हिनिल क्लोराइडवर थांबते, आणि ते मानवात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. मूळ पदार्थाचे आकडे सुधारत असताना विहिरीचे पाणी अधिक धोकादायक होत असू शकते. ही साखळी निरुपद्रवी इथिलीनपर्यंत नेणारा जिवाणू १९९७ मध्ये वेगळा करण्यात आला; त्यानंतर त्याची जनुके भूजलात आहेत का, हे पाहणे सफाईच्या आराखड्याचा भाग बनले.

फ्लोरिनयुक्त ‘चिरंतन’ रसायनांनी हा वाद पुन्हा उघडला आहे. कार्बन-फ्लोरिन बंध इतका मजबूत आहे की सक्रिय कोळसा किंवा राळ ही रसायने पाण्यातून उचलून फक्त दुसरीकडे ठेवतात. त्यांचे मोठे पूर्वगामी रेणू सांडपाणी केंद्रात अर्धवट तुटतात, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही आम्लांचे प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आढळते. अमेरिकेत २०२४ मध्ये अशा दोन संयुगांसाठी पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा ठरली, म्हणजे मोजता येण्याच्या सीमेलगतच. त्यामुळे मूळ रेणू ९९ टक्के कमी झाला एवढे सांगणारा विघटनाचा दावा आता पुरेसा धरला जात नाही. पाण्यात किती फ्लोराइड मुक्त झाले आणि आत गेलेल्या फ्लोरिनचा हिशेब बाहेर जुळतो का, हे आधी विचारले जाते.